लायगो-इंडियात माणसांची घडी कोण बसवणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या (कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घडामोडींतून अवकाशात पसरणाऱ्या अतिसूक्ष्म तरंगांच्या) वेधशाळेची चर्चा आपल्याकडे बहुधा जमीन, रस्ते आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेले २,६०० कोटी रुपये यांभोवतीच फिरते. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, लेसर, टांगलेले आरसे आणि प्रचंड संगणन सांभाळणारी वेगवेगळ्या विद्याशाखांची माणसे एकत्र काम कशी करणार, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न सर्वांत निकडीचा वाटतो.

अमेरिकेतील मूळ लायगोत सुरुवातीला तीन थोर शास्त्रज्ञांनी एकमताने निर्णय घ्यावेत अशी व्यवस्था होती आणि निर्णय रखडत असत. १९९४ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या बॅरी बॅरिश यांनी १९९७ मध्ये कामाची फोड केली. यंत्रणेची उभारणी व देखभाल प्रयोगशाळेकडे राहिली आणि देशोदेशींच्या संशोधकांसाठी वेगळी वैज्ञानिक संघटना स्थापन झाली, त्यामुळे बाहेरच्या विद्यापीठांतील लोकही पाहुणे न राहता हक्काचे सहभागी झाले. २०१७ च्या नोबेल पारितोषिकात बॅरिश यांना वाटा मिळाला, त्यामागे त्यांचे हे संघटनकौशल्यही होते.

शिस्तीचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या व्यक्तींनी एक कृत्रिम संकेत गुपचूप यंत्रात सोडला. शेकडो संशोधकांनी काही महिने खपून त्याचे विश्लेषण केले, शोधनिबंधही लिहिला, आणि मार्च २०११ मध्ये हे गुपित असलेले मोहरबंद पाकीट उघडल्यावर तो संकेत बनावट असल्याचे सर्वांना समजले. अशी परीक्षा होऊ शकते, हे सर्वांनी आधीच मान्य केलेले होते. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरींचा खरा संकेत आला, तेव्हा पडताळणीची रीत अंगवळणी पडलेली होती.

त्या शोधाच्या निबंधावर हजाराहून अधिक नावे आहेत, तीही आडनावांच्या वर्णानुक्रमाने. आपल्याकडे मात्र बढतीच्या वेळी लेखकांच्या यादीतील क्रमांक पाहिला जातो. अशाच एका मोठ्या प्रयोगात चार वर्षे निर्वात यंत्रणेवर राबलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्याला एका मुलाखतीत, ‘एवढ्या नावांत तुमचे काम ते कोणते?’ असे विचारून वाटेला लावले गेले. त्याचे मला आजही वाईट वाटते.

लायगो-इंडियात पुणे, इंदूर व गांधीनगर येथील संस्था, अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकी भागीदार असे सर्व एकत्र आहेत. हिंगोलीत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात पहाट असते, एवढ्या साध्या गोष्टीनेही निर्णय दिवसभर लांबू शकतो. म्हणून मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, हे लेखी ठरवून जाहीर करावे, समन्वयक व प्रणाली अभियंते यांच्यासाठी कायमस्वरूपी पदे निर्माण करावीत आणि निबंधातील क्रमांकाऐवजी सहकाऱ्यांनी प्रमाणित केलेले प्रत्यक्ष काम बढतीसाठी ग्राह्य धरावे. मराठवाड्यातील मुले तेथे रुजू होण्यापूर्वी हे नियम तयार असावेत, अशी माझी संबंधित विभागांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, हिंगोली