चि. ओंकारला

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, सगळं कोबॉटच, म्हणजे माणसाच्या जोडीनं काम करणारे रोबोटच, करणार असतील तर फिटर होऊन काय उपयोग? तेव्हा कंपनीची बस आली होती, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

चाकणला कोबॉट नवे नाहीत. बजाज ऑटोनं ते २०१० पासूनच वापरायला घेतले. मोठ्या वेल्डिंग रोबोटला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात, कोबॉटच्या शेजारी मात्र माणूस उभा राहून काम करतो. धक्का लागला की तो थांबतो. आमच्या लाईनवरचा कोबॉट बोल्टला टॉर्क देतो, म्हणजे ठरलेल्या जोरानं बोल्ट आवळतो. पूर्वी तेच काम आम्ही गन धरून करायचो आणि सुट्टीच्या दिवशीही खांदा ठणकायचा. तो त्रास गेला. युनियनमधल्या काहींना माझं हे बोलणं आवडत नाही, पण आहे ते आहे.

धक्का किती चालेल, तेसुद्धा मोजून ठरवलंय. जर्मनीत माइन्झच्या विद्यापीठात शंभर जणांच्या अंगावर, कपाळापासून पोटरीपर्यंत २९ ठिकाणी दाब देऊन दुखायला कधी लागतं ते पाहिलं. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ते आकडे आहेत. ट्रेनिंगमध्ये हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. मशीनच्या बाबतीत एवढी काळजी घेता येते, तर रोजगाराच्या बाबतीत का नाही, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

कारण कोबॉट आल्यावर आम्हा पर्मनंटपैकी कुणी घरी गेलं नाही. ठेकेदाराची पोरं गेली. त्यांना पुढच्या महिन्यात बोलावलंच नाही, बस्स. कामगार कपात केली तर मालकाला नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. नव्या औद्योगिक संबंध संहितेत तर त्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम द्यायची तरतूद आहे. पण कराराची मुदत संपली आणि तो पुढं वाढवला नाही, तर कायद्याच्या भाषेत ती कपातच नसते. गेलेल्यांतला एक लातूरकडचा होता, तुझ्याच वयाचा. हात फार चांगला होता त्याचा.

फिटरचं काम संपत नाही, बाळा. आट्यात वाकडा बसलेला बोल्ट पहिल्याच फेऱ्याला बोटांना कळतो. आमच्या कोबॉटला टॉर्क भरला की काम झालं असं वाटतं. पार्ट धरून ठेवणारं फिक्स्चर हललं, कोबॉटचा पंजा म्हणजे ग्रिपर अडकला, की हाक आपल्यालाच येते. आयटीआयमध्ये संधी मिळाली तर टीच पेंडंट, म्हणजे कोबॉटला काम शिकवायचा हातातला कंट्रोल, शिकून घे. कोबॉटचा हात धरूनही जागा दाखवता येते, तुला लवकर जमेल. मात्र कोबॉट चालवणाऱ्याला हेल्परचा पगार देणारेही इथं बरेच आहेत, तेव्हा ग्रेड कोणती ते आधीच विचारायचं.

पुढच्या महिन्यात कॅम्पसला कंपन्या येतील. नेमणूकपत्र कंपनीच्या लेटरहेडवर आहे की ठेकेदाराच्या, मुदत किती, हे नीट बघ. पगाराचा आकडा पाहून घाई करू नकोस. सही करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, मी आमच्या युनियनच्या वकिलांना दाखवतो.

तुझा,
बाबा