दुसरी वही

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडली होतीस. सगळे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, ऑनलाइन असताना सर्कलसाहेब (मंडळ अधिकारी) वही वेगळी लिहायला लावतात म्हणे. मी हसलो ते तुला लागलं. अगं, मी तलाठी होतो तेव्हा ती दुसरी वही मीही ठेवायचो, म्हणून हसू आलं.

फेरफार संगणकावर घ्यायचं ई-फेरफार आलं तेव्हा माझी निम्मीअधिक नोकरी झालेली. लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करताना घाम फुटायचा. शेजारच्या सजेला, म्हणजे शेजारच्या तलाठ्याच्या हद्दीत, तुझ्यासारखीच नवी मुलगी आली होती. संध्याकाळी थांबून ती मला वारस नोंद भरायला शिकवायची. तिला जुने हस्तलिखित उतारे वाचता येत नसत. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, हे तिला मी सांगितलं.

2017 च्या उन्हाळ्यात चावडी वाचन लागलं, म्हणजे गावासमोर सातबारे वाचून दाखवायचे. ती स्क्रीनवरचं वाचत होती, मी जुनं दप्तर उघडून बसलेलो. एका म्हातारीचं नाव आलं, क्षेत्र 4.00 हेक्टर. म्हातारी जागची उठली. "भाऊसाहेब, एवढी जमीन असती तर पोरगं हमाली करायला गेलं असतं का?" दप्तरात बघतो तर 0.40! टिंब सरकलेलं. जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडून दुरुस्ती करून घेतली.

त्या दिवसापासून पोरीने नेमच केला. नोंद भरली की ती मोठ्याने वाचायची, मी वहीत बघायचो. वही टाका, असं ती एकदाही म्हणाली नाही. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचे सातबारे सुरू झाले, तोवर आमच्या चुका इतक्या कमी झाल्या होत्या, की वही लिहायचा मलाच कंटाळा आला.

तेव्हा सर्कलसाहेबांना आधी विचार, कुठल्या नोंदीत हात पोळले होते. काहीतरी नक्की निघेल. मात्र त्या वहीपायी लोकांना दोन-दोन खेपा पडत असतील, तर खुशाल भांड.

आणि रविवारी जमलं तर ये. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे मोबाइलवरून पीक नोंदवायला, आपल्याच वावरात उभा राहून सोयाबीनचा फोटो काढतोय, आणि ॲप म्हणतं, तुम्ही गटापासून दूर आहात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधावर पीक पाहणी केली, स्वतःच्या पिकाची नोंद होईना. कोतवालाला विचारायची लाज वाटते.

तुझे,
बाबा