लिस्बनची निम्मी तयारी पणजीतच होते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या इतिहासावर काम करणारे विद्यार्थी शिष्यवृत्ती मिळवून लिस्बनच्या दफ्तरखान्यांत जातात, ही आनंदाची गोष्ट. पण तिथला पहिला महिना ज्या गोष्टी शिकण्यात जातो, त्या पणजीत बसून शिकता येतात. निघण्याआधी हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आधी तारखांचे बघू. पोर्तुगालसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. १ जून ते ३१ ऑगस्ट हे ९२ दिवस होतात. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. म्हणजे १ जूनला उतरलेल्याने २९ ऑगस्टला बाहेर पडलेच पाहिजे. त्यातून शनिवार-रविवार गेले, १० आणि १३ जूनच्या सुट्ट्या गेल्या. ऑगस्टात तर प्राध्यापकही रजेवर असतात. शक्य असेल त्याने मार्चमध्येच जावे.

खरी अडचण हस्ताक्षराची. छापील पोर्तुगीज घडाघडा वाचणारा विद्यार्थीसुद्धा सतराव्या शतकातल्या पानापुढे अडतो. कारकुनांनी शब्द आखडून लिहिलेले असतात. ‘के’ (‘की’ या अर्थाचा शब्द) लिहायचे तर क्यू अक्षर आणि त्यावर एक आडवी रेघ, झाले! शाईत लोह असल्याने ती कागद खाते, मागची अक्षरे पुढे उमटतात आणि दोन ओळी एकमेकींत गुंततात. अशा पानावर नजर बसायला रोज दोन तास दिले तरी दोन-तीन महिने लागतात. सरावासाठी ‘मोंसोंइश दो रेइनो’ ही व्हाइसरॉय आणि राजदरबार यांच्या पत्रव्यवहाराची मालिका पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेच. तिचेच ६२ खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेले गेले आणि आज ते तोर्रे दो तोंबो या पोर्तुगालच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. वळण तेच, कागद तोच. इथे हात बसला की तिथे पहिल्याच दिवशी काम सुरू होते.

सूचीत शोधतानाही पोर्तुगीज कारकुनाच्या कानाने शोधावे लागते. सावंतवाडीकर भोसले ‘बोंसुलो’ म्हणून सापडतात, शिवाजी महाराज ‘सेवाजी’ म्हणून. मराठी जाणणाऱ्या मुलांना ही नावे चटकन ओळखू येतात, हे त्यांचे मोठे बळ आहे. लिस्बनमधल्या जुंकैरा भागातल्या आर्किवो हिस्तोरिको उल्त्रामारिनोत, म्हणजे जुन्या वसाहतींच्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यात, मात्र जपून. तिथले बरेच कागद पेट्यांत सुटे आहेत आणि जुन्या ग्रंथातला पेटी क्रमांक आजच्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही.

फोटो काढू देतात का, हे प्रत्येक ठिकाणी ईमेल करून आधीच विचारावे. परवानगी असेल तर पहिला फोटो पेटीवरच्या चिठ्ठीचा, मग पानांचे, दोन्ही बाजूंनी. पानावर शाईचा आणि पेन्सिलीचा असे दोन क्रमांक असतील तर दोन्ही टिपावेत. क्रमांकाविना फोटो प्रबंधात संदर्भ म्हणून देताच येत नाही.

विद्यापीठ आणि पुराभिलेख खाते यांनी मिळून दरवर्षी हस्तलेखवाचनाचा एक वर्ग घ्यावा. शिवाय परत आलेल्या विद्यार्थ्याकडून पाहिलेल्या पेट्यांची यादी, कुठले कागद वाचता आले नाहीत या नोंदीसह, विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करून घ्यावी. पुढच्या वर्षी जाणाऱ्याचा तीच पेटी मागवण्यात वेळ जाणार नाही.

आपला,
इतिहासाचा एक अध्यापक, फोंडा