आयोवा सिटीहून चिऊला

आयोवा सिटी,
दिवाळी पाडवा, २२ ऑक्टोबर २०२५

प्रिय चिऊ,

तुझं पत्र सोमवारी, नेमकं नरकचतुर्दशीला हातात पडलं. पहाटे उटणं लावून आंघोळ केली, कपाळाला कुंकू लावलं आणि नेहमीसारखी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला गेले. दिवसभर पत्र पर्समध्ये होतं. दुपारी जेवताना तिसऱ्यांदा वाचलं.

यंदा झोनलला, म्हणजे विभागीय स्पर्धेला, मुलींचा खो-खोचा संघ पाठवायचा नाही असं तू खेळ शिकवतेस त्या कॉलेजात ठरलं, कारण नावं अकराच आली आणि गाडीखर्च झेपत नाही. मुलांचा क्रिकेटचा संघ मात्र गेला. आणि खाली तू लिहिलंयस, 'पंचवीस वर्षं शिट्टी गळ्यात आहे, आता खुंटीला टांगावी म्हणते.' चिऊ, खुंटाला हात न लावता वळण घेणारी तू, नऊ-नऊ मिनिटं कुणाच्या हाती न सापडणारी तू! तुझ्या हातून ही ओळ लिहिली जावी याचं मला फार वाईट वाटलं.

तू विचारलंयस, तिकडं विद्यापीठात मुलींचा खेळ एवढा चालतो तो कसा? पैसा आहे म्हणून का? आज सुट्टी काढलीय, सविस्तर लिहिते.

पैसा आहे, खोटं कशाला सांगू. इथलं किनिक स्टेडियम जवळजवळ सत्तर हजारांचं आहे आणि अमेरिकन फुटबॉलच्या शनिवारी ते भरतं. तिकिटं आणि टीव्हीचे हक्क यांच्यावर बाकीचे बहुतेक सगळे खेळ पोसले जातात. पण हे स्टेडियम १९२९ पासून उभं आहे. पुढची चाळीस वर्षं पैसा येतच होता आणि त्यातला मुलींच्या वाट्याला काहीच येत नव्हता. म्हणजे नुसता पैसा असून भागत नाही.

फरक पडला तो २३ जून १९७२ ला. त्या दिवशी अमेरिकेत शिक्षणाचा एक कायदा झाला. त्यातलं नववं प्रकरण, इथं सगळे त्याला 'टायटल नाईन' म्हणतात. त्याचं मुख्य वाक्य इंग्रजीत अवघं ३७ शब्दांचं आहे : केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत, कुठल्याही उपक्रमात, स्त्री किंवा पुरुष म्हणून कुणालाही डावलायचं नाही. त्यात 'खेळ' हा शब्दसुद्धा नाही. पण विद्यापीठाचा जिमखाना हा शिक्षणाचाच भाग, असं कुणीतरी म्हटलं आणि सगळं हललं. त्या वर्षी देशभरातल्या शाळांमध्ये सुमारे २ लाख ९४ हजार मुली खेळत होत्या. आता ३० लाखांच्या वर खेळतात.

मला स्वतःला त्या ३७ शब्दांपेक्षा १९७९ मध्ये सरकारनं काढलेली नियमावली मोठी वाटते. त्यात काय काय तपासायचं याची यादीच आहे. मुला-मुलींना कपडे आणि साहित्य सारख्या प्रतीचं मिळतं का? सरावाच्या वेळा कुणाला सोयीच्या आणि कुणाला गैरसोयीच्या? प्रवास कशानं, मुक्काम कुठं, भत्ता किती? प्रशिक्षक किती आणि किती अनुभवाचे? कपडे बदलायच्या खोल्या कशा? दुखापत झाली तर बघणारं कोण? सामन्याची जाहिरात कोण करतं? अशा एकेक ओळी.

ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा, खरं सांगते, मला आपलं १९९६ सालच दिसलं. मुलांचा संघ जीपनं गेला आणि आपण पहाटेची एसटी धरून, दोनदा गाडी बदलून, मैदानावर पोचलो तेव्हा टॉस झालेला. अंगात मुलांचे आदल्या वर्षीचे टी-शर्ट, पाठीवरचे नंबर उसवून नवे शिवलेले. आणि त्या शाळेच्या वर्गाच्या दाराला ओढणी बांधून आपण आळीपाळीनं कपडे बदलले, तू बाहेर राखण करत उभी. तेव्हा आपल्याला वाटलं, असंच असतं. ज्या गोष्टी मी 'असंच असतं' म्हणून सोडून दिल्या होत्या, त्या एका सरकारी कागदावर ओळीनं मांडलेल्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण कागद आपोआप चालत नाही. इथं तो एका बाईनं चालवला. ख्रिस्टीन ग्रँट. मूळची स्कॉटलंडची, हॉकीवाली. १९७३ मध्ये आयोवा विद्यापीठात स्त्रियांसाठी वेगळा क्रीडा विभाग निघाला आणि ती त्याची प्रमुख झाली, ती थेट २००० पर्यंत. मुलांचा विभाग वेगळा, मुलींचा वेगळा, दोघांचे प्रमुख वेगळे. ती निवृत्त झाल्यावर दोन्ही एक केले. मधल्या काळात ती संसदेच्या समित्यांपुढं साक्षी द्यायला गेली, कोर्टात गेली आणि दरवेळी आकडे घेऊन गेली. १९८३ मध्ये तिनं व्हिव्हियन स्ट्रिंगर या कृष्णवर्णीय प्रशिक्षक बाईंना बास्केटबॉलसाठी आणलं. दोनच वर्षांत, ३ फेब्रुवारी १९८५ ला, ओहायो स्टेटविरुद्धच्या मुलींच्या सामन्याला २२,१५७ माणसं आली, तीसुद्धा पंधरा-साडेपंधरा हजारांच्या सभागृहात. १९८६ मध्ये मुलींच्या हॉकी संघानं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. त्या हॉकीच्या मैदानाला आज ग्रँटबाईंचं नाव आहे. २०२१ च्या शेवटच्या दिवशी त्या गेल्या.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, ती तुला फार आवडेल. आयोवा म्हणजे मक्याची आणि सोयाबीनची शेतं, लहान लहान गावं. या गावांमध्ये मुलींचं बास्केटबॉल कायद्याच्या कितीतरी आधीपासून होतं. पण वेगळंच : संघात सहा मुली, तीन आक्रमणाला, तीन बचावाला, आणि कुणीही मधली रेघ ओलांडायची नाही. चेंडू हातात आला की दोनदाच आपटायचा, मग पास किंवा नेम. मुलींना सबंध मैदान धावणं झेपणार नाही या समजुतीतून ते नियम आलेले. तरी गावांनी तो खेळ उराशी धरला. १९६८ च्या राज्य अंतिम सामन्यात डेनिस लाँग या मुलीच्या संघानं ज्यादा वेळेत ११३-१०७ असा विजय मिळवला आणि तो सामना लोक अजून सांगतात. माझ्या लॅबमधल्या सत्तरीच्या एक बाई आजही सांगतात की सामन्याच्या रात्री त्यांचं सगळं गाव रिकामं व्हायचं, सगळे राजधानीला, डेमॉइनला. हा सहाजणींचा खेळ १९९३ पर्यंत चालला. आपल्याकडं खो-खोला, कबड्डीला गावची माणसं कुंपणावर चढून बघायची, तसंच. प्रेम होतंच गं. कायद्यानं फक्त त्या प्रेमाला विद्यापीठापर्यंत रस्ता करून दिला.

आणि त्याच रस्त्यानं बास्केटबॉलवाली केटलिन क्लार्क आली. वेस्ट डेमॉइनची, म्हणजे इथलीच मुलगी. तिचं नाव तू ऐकलंच असशील. १५ ऑक्टोबर २०२३ ला विद्यापीठानं बास्केटबॉलचं मैदान उचलून फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मांडलं, उघड्या आभाळाखाली. आम्ही गेलो होतो. वारा असा की चेंडूची दिशा बदलेल, बोटं गारठलेली. आणि त्या थंडीत ५५,६४६ माणसं, मुलींचा सराव सामना बघायला! माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते आणि नातवाच्या अंगात २२ नंबरचा शर्ट. मुलाच्या अंगात मुलीचा नंबर. मला राहून राहून आपले उसवलेले नंबर आठवत होते. पुढच्या मार्चमध्ये तिनं पीट मॅराविचचा कॉलेजच्या कारकिर्दीतल्या ३,६६७ गुणांचा, म्हणजे पुरुषांचा, अर्ध्या शतकाहून जुना विक्रम मोडला आणि ३,९५१ वर थांबली. २०२४ च्या राष्ट्रीय स्पर्धेचा मुलींचा अंतिम सामना साउथ कॅरोलायनानं ८७-७५ जिंकला, आम्ही हरलो, पण टीव्हीवर तो मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. असं आधी कधीच झालं नव्हतं.

पण केटलिनबद्दल लिहिताना माझी लेखणी जास्त धावते, म्हणून थांबते. तुला विचारायचंय ते साध्या मुलींचं. माझ्या धाकटीचंच सांगते.

ती उंच आहे, एवढंच. खेळाडू कधीच नव्हती. पहिल्या वर्षाला असताना रोइंगच्या प्रशिक्षकांचा ईमेल आला : तू उंच आहेस, कधी वल्हं धरलं नसशील तरी चालेल, येऊन बघ. गेली. पहाटे पाच वाजता उठून आयोवा नदीवर. आठजणींची लांब होडी, समोर तोंड करून बसणारी नववी मुलगी ताल देते. नदी गोठली की आत, यंत्रावर. हाताला घट्टे पडले, रडलीसुद्धा, पण टिकली. तिला शिष्यवृत्ती नाही. तरी बूट, कपडे, प्रवास, डॉक्टर, अभ्यासाला मदत करणारी माणसं, सगळं शिष्यवृत्तीवाल्यांसारखंच. नियमानं आठवड्याला वीस तासांच्या वर सराव घेता येत नाही. विद्यापीठाच्या संघात मुलांचं रोइंग नाहीच. कारण फुटबॉलला शंभराच्या वर मुलं लागतात आणि तेवढ्या जागा मुलींच्या बाजूला भरायला रोइंगसारखा मोठ्या संघाचा खेळ लागतो. काही लोक म्हणतात, ही नुसती आकड्यांची भरती आहे. मला नाही तसं वाटत. त्या आकड्यात माझी मुलगी बसली म्हणून तर तिला कळलं की तिच्या पाठीत एवढी ताकद आहे.

इथंही सगळं गोड नाही. ऑगस्ट २०२० मध्ये कोरोनाच्या तोट्याचं कारण देऊन विद्यापीठानं चार खेळ बंद करायचं जाहीर केलं : मुलांचं जिम्नॅस्टिक्स, मुलांचं टेनिस आणि मुला-मुलींचं पोहणं. त्याआधी, २०१७ मध्ये, क्रीडा विभागातल्या दोन स्त्रियांनी भेदभावाबद्दल केलेले दावे मिटवायला ६५ लाख डॉलर मोजावे लागले होते. आणि आता या वर्षीपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, एका विद्यापीठाला वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा बहुतेक ठिकाणी फुटबॉलकडं जातोय. याची मला काळजी वाटते.

पण २०२० मध्ये पुढं काय झालं ते ऐक. चार पोहणाऱ्या मुली कोर्टात गेल्या. चारच! त्यांनी आकडे मांडले : विद्यापीठात मुली किती टक्के, खेळाच्या जागांत किती टक्के. डिसेंबरात कोर्टानं मुलींचे खेळ बंद करायला मनाई केली, फेब्रुवारीत विद्यापीठानं मुलींचं पोहणं परत आणलं. मुलांचं पोहणं मात्र गेलंच, त्याचं मला दुःखच आहे, त्या पोरांचा काय दोष? आणि त्याच वर्षी, २०२१ मध्ये, विद्यापीठानं मुलींची कुस्ती सुरू करायचं जाहीर केलं. खेळासाठी विद्यापीठांचे जे पाच मोठे गट अमेरिकेत होते, त्यांतल्या विद्यापीठांत ही पहिलीच. प्रशिक्षक क्लॅरिसा चुन, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधली कांस्यपदक विजेती. पहिल्याच मोसमात, मार्च २०२४ मध्ये, मुली राष्ट्रीय विजेत्या झाल्या.

आयोवाला कुस्तीचं वेड आहे गं, अगदी आपल्या कोल्हापूर-कराडसारखं. सभागृहाबाहेर डॅन गेबलचा पुतळा आहे. हा १९७२ च्या म्युनिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्ण जिंकलेला पैलवान, पुढं प्रशिक्षक म्हणून त्यानं पंधरा राष्ट्रीय विजेतेपदं दिली. त्या पुतळ्याजवळून जाताना मला दरवेळी गोळेश्वर आठवतं, खाशाबा आठवतात. आणि आता त्याच आखाड्यात मुली उतरतात.

आता तुझ्याकडं येते. इकडं अमेरिकेत बसून तुला शहाणपण शिकवावं हा माझा अधिकार नाही. पण मला दोन गोष्टी खटकल्या त्या मैत्रीण म्हणून सांगते. नावं अकराच आली म्हणे. खो-खोत मैदानात नऊ उतरतात! अकरा म्हणजे नऊ आणि वर दोन. संघ झाला की. हे ठरवणाऱ्यांना कुणी मोजून दाखवलं का? दुसरं, तुझ्या कॉलेजातली प्रत्येक मुलगी प्रवेश घेताना जिमखाना फी भरते. मुलाइतकीच भरते. मग तिचे पैसे कुठल्या गाडीत बसून क्रिकेटला गेले?

तू एक वही घाल. आपली लांब, लाल कापडी पाठीची. डाव्या पानावर मुलं, उजव्या पानावर मुली. मैदान कुणाला किती ते किती वाजेपर्यंत मिळालं, कपडे कुणाला कधी आले, टीएडीए म्हणजे प्रवासभत्ता किती, गाडी कोणती, खोलीला कडी होती की नाही. वर्षभर रोज लिही. कुणाला दाखवू नकोस. तुमचं कॉलेज अनुदानित आहे, तेव्हा खर्चाचे कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात, तू नाही तर एखादी माजी विद्यार्थिनी मागेल. मी माजी विद्यार्थिनीच आहे. माझं नाव घाल, सही करून पाठवते.

आणि शिट्टी खुंटीला नको टांगूस. जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कर्णधार, नेपाळला ७८-४० नं हरवलं. इथं सकाळी मोबाईलवर बघितलं मी एकटीनं. एका मुलीनं खुंटावर सूर मारला आणि माझा हात आपोआप उजव्या गुडघ्यावरच्या जुन्या व्रणाकडं गेला.

त्यावरून आठवलं. मी डिसेंबरच्या शेवटी येतेय, तीन आठवडे. बॅगेत जागा आहे. इथं चांगल्या गुडघेपट्ट्या मिळतात, जाड आणि घामानं न सरकणाऱ्या. अकराजणींच्या गुडघ्यांचा घेर सुतळीनं मोज आणि आकडे इंचात लिहून पाठव. अंदाजे नको. प्रत्येकीचा वेगळा, नावापुढं.

तुझी,
पोलवाली