साखर बाटलीच्या पुढच्या बाजूला लिहा : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

आमच्या इंदूरमध्ये रिकामी बाटली तशीच कचऱ्यात टाकत नाहीत. विसळायची, निथळू द्यायची आणि मग सुक्याच्या डब्यात टाकायची, ही सवय आता हातालाच लागली आहे. गेल्या महिन्यात अशीच एक स्मूदीची (फळं घुसळून केलेल्या दाट पेयाची) बाटली नळाखाली धरली होती, तेव्हा तिच्या मागचा मजकूर मी पहिल्यांदा वाचला. माझे बाबा तीन महिने रोज सकाळी तीच बाटली पीत होते.

बाबा ७२ वर्षांचे आहेत. मागच्या दिवाळीनंतर तपासणीत त्यांची रक्तातली साखर मधुमेहाच्या सीमेवर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा, फळं खा. बाबांनी ते फार मनावर घेतलं. राजवाड्याकडे फिरून येताना पोह्यांबरोबरची जिलबी बंद केली. चहातली साखर गेली. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात नातवंडांना घेऊन जायचे, पण स्वतः मावाबाटीच्या मिठाईला हात लावेनात. एवढं सोडलेल्या आजोबांसाठी काहीतरी चांगलं हवं म्हणून माझा भाचा विजयनगरच्या मॉलमधून स्मूदी आणू लागला. बाटलीवर ताज्या स्ट्रॉबेरी, पुदिन्याचं पान आणि ठळक अक्षरांत ‘वरून साखर घातलेली नाही’. मीच त्याला म्हटलं होतं, हे बरं केलंस.

आता मागची बाजू. अक्षर इतकं बारीक की बाबांना चष्मा लावूनही वाचता आलं नाही; मी मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचला. घटकांत पहिलं नाव सफरचंदाच्या रसाचं, दुसरं केळ्याच्या गराचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे बाटलीत सगळ्यात जास्त होता तो सफरचंदाचा रस. जिचं चित्र बघून आम्ही बाटली घेतली ती स्ट्रॉबेरी शंभरात चार भाग. एकूण साखर १०० मिलीला १३ ग्रॅम. आणि एका वेळचं प्रमाणही १०० मिलीच छापलेलं. बाटली मात्र ३०० मिलीची. झाकण उघडल्यावर तिसरा हिस्सा पिऊन बाकीची परवावर कोण ठेवतं? बाबा रोज ३९ ग्रॅम साखर पीत होते, म्हणजे जवळजवळ दहा चमचे, आणि तेही जिलबी सोडल्याच्या समाधानात.

बाबांचे आकडे त्या बाटलीमुळेच वाढले असं मी म्हणणार नाही, ते सांगणं डॉक्टरांचं काम. पण माणूस पथ्य पाळतो आहे आणि त्याच्या पथ्यातच साखर आहे, हे त्याला कुणी सांगितलं नाही, एवढी माझी तक्रार नक्की आहे.

‘ती फळाचीच साखर आहे’ हे उत्तर मला दुकानात मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना हे उत्तर मान्य करत नाहीत. अख्ख्या फळातली साखर त्या मोजत नाहीत, पण फळाचा रस आणि आटवलेला रस यांतली साखर मुक्त साखरेत धरतात, मध आणि पाकाच्या रांगेत. दिवसाच्या २००० कॅलरींच्या हिशेबाने मुक्त साखर ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगलं. ब्रिटनची आरोग्यसेवा तर रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीपेक्षा जास्त घेऊ नका असं सांगते आणि कितीही प्यायलात तरी ते फळांचा एकच वाटा धरते. बाबांची बाटली बरोबर त्याच्या दुप्पट.

यात चावून खाण्याचाही भाग आहे. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधा प्रयोग छापून आला होता. सफरचंद अख्खं, त्याचा गर आणि त्याचा रस, असं तीन प्रकारे लोकांना दिलं. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरापट वेगाने पोटात गेला. पोट सगळ्यात जास्त भरलं ते अख्ख्या फळाने, आणि रस व गर घेतल्यावर रक्तातलं इन्सुलिन फळापेक्षा जास्त चढलं. आमच्याकडे थंडीत गाडीवर जाम मिळतात (महाराष्ट्रातले पेरू). एक जाम चिरायचा, जिरावन (आमचा इंदुरी मसाला) भुरभुरायचं आणि बियांसकट चावत बसायचं. बाबांना दुसरा जाम संपवता येत नाही. बाटली ते चार घोटांत संपवत आणि तासाभरात पुन्हा भूक लागली म्हणत.

घरी दह्यात केळं आणि चिकू घुसळून प्यायला माझा विरोध नाही. त्यात काय पडलं ते आपल्या डोळ्यांसमोर असतं, आणि फळाचा चोथाही त्यातच राहतो. माझं म्हणणं दुकानातल्या बंद बाटलीपुरतं आहे, कारण तिच्यातलं काय ते फक्त कारखान्याला ठाऊक असतं.

महोदय, आपल्या मंत्रालयाखालच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या दिशेने पावलं टाकली आहेत, हे मला ठाऊक आहे. जून २०२४ मध्ये, आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. त्याआधी एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून पेयं हटवायला सांगितलं, कारण कायद्यात अशी व्याख्याच नाही. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक, मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी मिळाली. त्या दिवशी मी खरोखर आनंदले होते.

पण बाबांसारख्या माणसाला बाटलीच्या पुढच्या बाजूला काय दिसणार, हा प्रश्न राहतोच. प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात पाकिटावर तारे द्यायची कल्पना होती, जास्त तारे म्हणजे पदार्थ जास्त चांगला. त्यात साखरेचे गुण वजा होतात, पण फळांचे गुण जमा होतात. म्हणजे दहा चमचे साखरेची स्मूदी फळांच्या नावावर ताऱ्याने सजून येऊ शकते, आणि बाबा तो तारा बघून निश्चिंत होतील. चिली देशाने २०१६ पासून साखर जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोन छापायला लावला. तो लहान मुलालाही कळतो. मला तारा नको, तसा इशारा हवा.

आणि तीन गोष्टी कृपा करून त्यात घ्या. बाटली एका बैठकीत पिण्याजोगी असेल तर साखर पूर्ण बाटलीची लिहायची, तिसऱ्या हिश्श्याची नाही. हा आकडा पुढच्या बाजूला, हिंदीत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत, ग्रॅमबरोबर चमच्यांतही असावा. ग्रॅम आमच्या आईला कळत नाहीत, चमचे कळतात. आणि ‘वरून साखर घातलेली नाही’ असं छापायचं असेल तर त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, एकूण साखर किती तेही छापावं.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासाने २०२३ मध्ये देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख सीमेवरचे असल्याचं सांगितलं. या सीमेवरच्यांत माझे बाबा आहेत. हे सगळे लोक आत्ता, आजच, काय सोडायचं आणि त्याऐवजी काय घ्यायचं याचा विचार करत दुकानात उभे असतील.

बाटलीचं सोललेलं लेबल आणि या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला डाकेने पाठवते आहे. लेबलवरचं कंपनीचं नाव मी काळ्या शाईने झाकलं आहे, कारण माझं मागणं एका कंपनीविरुद्ध नाही. वाचताना भिंग जवळ असू द्या.

आपली नम्र,
एक लेक
रामबाग, इंदूर