रक्त दिसलं की घंटा वाजलीच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगला आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाची सर्वसाधारण सभा झाली. तिथं शो जंपिंगचा, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या खेळाचा, एक नियम बदलला. स्वाराच्या बुटाच्या टाचेला लावलेल्या धातूच्या काट्यानं घोड्याच्या कुशीवर रक्त निघालं तर पूर्वी स्वार थेट बाद व्हायचा. १ जानेवारी २०२६ पासून त्याच्या नावावर फक्त ताकीद नोंदवायची आहे. डॉक्टरनं घोडा ठीक आहे असं म्हटलं तर त्याला पुढे खेळता येतं. बारा महिन्यांत दुसरी ताकीद मिळाली तर हजार स्विस फ्रँक दंड आणि महिनाभर बंदी. ही बातमी आपल्याकडच्या एकाही पेपरात माझ्या वाचनात आली नाही, म्हणून हे पत्र.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. लष्कराच्या पशुवैद्यकीय दलात नालबंद म्हणून भरती झालो, मेरठला शिकलो, दफेदार म्हणून निवृत्त झालो. गेली चौदा वर्षं पुण्याच्या आसपासच्या तबेल्यांत नाला ठोकतो. दर पाच-सहा आठवड्यांनी प्रत्येक घोड्याचा प्रत्येक पाय माझ्या मांडीवर येतो. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, तो कापायचा, तासायचा, नाल बसवायची. या कामात घोड्याचा चेहरा फारसा दिसत नाही. दिसतो तो गुडघ्याखालचा भाग, पोट आणि तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या, मागची कूस. स्वार कसा आहे हे मला तिथं वाचता येतं. काट्यानं केस झिजून कातडी चकचकीत झालेली असते. तंगाखाली फोड असतात. गुडघ्याखालच्या नळीवर हात ठेवला तर एक पाय थंड आणि दुसरा तव्यासारखा.

पाचशे किलोचं जनावर उडी मारून उतरतं तेव्हा क्षणभर सगळा भार पुढच्या एका पायावर येतो, आणि त्या पायाला गुडघ्याखाली मांस नसतं. हाड, कातडी आणि टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, बस्स. ऑलिंपिकचे अडथळे १.६५ मीटरपर्यंत असतात, आपल्या मुलांच्या स्पर्धांत मीटरभर किंवा त्याहून कमी. पण त्या कमी उंचीवरही दिवसात किती उड्या झाल्या, जमीन मुरमाची आहे की वाळूची, आदल्या दिवशी घोडा किती वापरला, याचा हिशेब पायच ठेवतो. घोडा सहसा कण्हत नाही. कुत्रं केकाटतं, गाय हंबरते. घोडा दुखणं लपवतो, कारण रानात लंगडं दिसणारं जनावर आधी मारलं जातं. तो सांगतो ते कान मागे पाडून, शेपूट फटकारून, तोंड उघडून, अडथळ्यासमोर थांबून. इंग्लंडच्या घोड्यांच्या डॉक्टर सू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना घोड्यानं दाखवायच्या अशा चोवीस खुणांची यादी केली आहे. त्यांतल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर घोड्याला दुखत असण्याची शक्यता मोठी, असं त्यांचं काम सांगतं. आमच्या तबेल्यात येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ती यादी मला मराठीत समजावून सांगितली. मी ती वहीत उतरवून घेतली आहे. त्यांतल्या बऱ्याच खुणांना आमच्या मैदानावर ‘नखरे’ म्हणतात.

आता बंडूबद्दल लिहितो. कुमैत रंगाचा, खच्ची केलेला, रेसकोर्सवरून आलेला घोडा. आपल्याकडच्या रायडिंग स्कूलमधले बरेचसे घोडे असेच, मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून उतरलेले. दोन वर्षांचं असताना शिंगरू पळायला लागतं, पाच-सहा वर्षांचं झालं की तिकडून सुटतं आणि क्लबात येतं. आयुष्यभर मान पुढे टाकून भरधाव पळायला शिकवलेल्या जनावराला आम्ही म्हणतो, आता दहा पावलांत वेग आवर, अंतर मोज, मागच्या पायांवर बस आणि उडी घे. ते शिकतं, कारण घोडा मनापासून कष्टाळू आहे. पण त्याला वेळ द्यावा लागतो.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी स्पर्धा होती. कुठली ते लिहीत नाही, माझं भांडण एका क्लबाशी नाही. बंडूवर त्या दिवशी तीन मुलांनी नावं दिली होती. तिसऱ्या फेरीला एक चौदा वर्षांचा मुलगा बसला. चौथ्या अडथळ्याला बंडू थांबला. वळवून आणला, पुन्हा थांबला. घंटा झाली, मुलगा बाद. नियम असा आहे की बाद झाल्यावर चाबूक वापरायचाच नाही, राग काढायला कधीच नाही, डोक्यावर तर नाहीच, आणि एरवीही एका वेळी तीनपेक्षा जास्त फटके नाहीत. मुलानं घंटेनंतर मोजून पाच मारले. मांडवात त्याचे वडील उभे होते. त्यांनी ओरडून सांगितलं, “सोडू नको त्याला!” बाहेर गाडीमागे नेऊन लगाम दोनदा हिसडला, ते मी जवळून पाहिलं. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार पोरगा त्याचं डोकं धरून गप्प उभा होता. त्याची नोकरी होती.

खोगीर उतरवलं तेव्हा डाव्या कुशीवर रुपयाच्या नाण्याएवढी कातडी गेलेली, केसांत रक्त वाळलेलं. पुढची डावी नळी गरम. मी वडिलांना म्हटलं, साहेब, घोड्याला दुखतंय. ते म्हणाले, “काका, हा मुद्दाम करतो, सकाळच्या पोरीला बरोबर नेलं की त्यानं.” शिकवणारा म्हणाला, तुम्ही नाला बघा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. टेंडन सुजलेलं. आठ महिने उभा राहिला बंडू.

मुलगा चौदा वर्षांचा होता, त्याला मी दोष देत नाही. त्याला घोडा मैदानाच्या दारात खोगीर घालून तयार मिळाला आणि फेरी झाल्यावर त्यानं लगाम दुसऱ्याच्या हातात दिला. पाय बघायचे असतात हेच त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लष्करात आम्हांला उलटं शिकवलं. आधी पाणी आणि खरारा घोड्याला, मग चहा आपल्याला. पहाडात खेचर वाटेत अडलं तर आमचे उस्ताद आधी वाट बघायला पाठवायचे, नंतर खेचराकडे वळायचे. बहुतेक वेळा पुढे दरड ढासळलेली असायची किंवा बर्फाखाली पोकळ असायचं. अडणारं जनावर काहीतरी सांगत असतं, ही गोष्ट माझ्या अंगात तिथून भिनली.

परदेशात सगळं शिस्तीत चालतं असं इथल्या पालकांना वाटतं, म्हणून थोडं तिथलंही लिहितो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधली घोड्यांची स्पर्धा हाँगकाँगलाच झाली होती. जंपिंगच्या वैयक्तिक अंतिम फेरीआधी चार देशांचे चार घोडे बाहेर काढले, कारण त्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन सापडलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. ते दुखऱ्या जागेवर चोळलं तर दुखणं बधिर होतं. नळीवर चोळलं तर कातडी इतकी हुळहुळी होते की अडथळ्याच्या दांड्याला पाय लागला की आग व्हावी, आणि आगीच्या भीतीनं घोडा पाय वर ओढतो. आपल्या घरात मिरच्या कुटताना हात भगभगतात ते आठवा, आणि मग त्या हाताऐवजी घोड्याची नळी डोळ्यांसमोर आणा. नॉर्वेचं सांघिक कांस्यपदक त्यात गेलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अँड्र्यू कोचर या स्वारावर दहा वर्षांची बंदी आली, तो विजेचा झटका देणारे काटे वापरत होता. मागच्या पायांना आवळून बांधायचे खास बूट होते, घोड्यानं ते झटकायला पाय उंच फेकावेत म्हणून. ते टप्प्याटप्प्यानं बंद करावे लागले. वॉर्मअपच्या मैदानात घोडा उडीवर असताना दोघांनी दांडा वर उचलून त्याच्या नळीवर आपटायचा, या पोलिंग नावाच्या प्रकाराला कधीचीच बंदी आहे. तरी माझ्या हाताला अशा नळ्या लागल्या आहेत, सरळ रेघेत सुजलेल्या.

आणि टोकियो. ऑगस्ट २०२१. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच खेळांच्या एकत्र स्पर्धेत, स्वाराला घोडा चिठ्ठीनं मिळायचा आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटं. सेंट बॉय नावाचा घोडा आधी एका रशियन मुलीखाली अडला होता. तोच जर्मनीच्या आनिका श्लॉइला मिळाला. ती पहिल्या क्रमांकावर होती, रडत होती, चाबूक मारत होती, आणि तिच्या प्रशिक्षिकेनं कुंपणावरून घोड्याला गुद्दा मारला. साऱ्या जगानं ते पाहिलं. प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढलं, आणि पुढे त्या खेळानं घोडाच सोडला. २०२४ च्या पॅरिसनंतर पेंटॅथलॉनमध्ये घोडेस्वारी राहिली नाही. १९१२ पासून चालत आलेली गोष्ट संपली. जंपिंगवाल्यांनी यातून धडा घ्यायचा की रक्ताचा नियम ढिला करायचा?

नियम बदलणाऱ्यांची बाजूही मी समजून घेतली. त्यांचं म्हणणं, रक्ताचा प्रत्येक थेंब म्हणजे क्रूरपणा नव्हे. खरं आहे. घोडा स्वतःची जीभ चावतो, ओठ चावतो, गोमाशी चावली तरी ठिपका येतो. पण जीभ-ओठाची सोय जुन्या नियमात होतीच. किरकोळ असेल तर तोंड धुऊन, पुसून पुढे जाऊ देता येत होतं. कुशीवर काट्यानं निघालेलं रक्त ही वेगळी गोष्ट आहे. तो काटा स्वाराच्या टाचेला असतो. माझ्या अनुभवात चांगला बसणारा स्वार काटा वर्षानुवर्षं घालतो आणि एक केस तुटत नाही. मांड कच्ची असली, पाय लटपटला, की काटा आपोआप खुपतो. म्हणजे रक्त निघालं तर ते मुद्दाम असो की नकळत, स्वार त्या दिवशी त्या उंचीला तयार नव्हता एवढं नक्की. त्याला थांबवणं ही शिक्षा नाही, घोड्याची सुटका आहे. डॉक्टरनं घोडा ठीक म्हटला तर खेळा, हे मला पटत नाही. घोडा ठीक असेलही, पण पुढचे आठ अडथळे त्याच कुशीवर तोच काटा बसणार आहे.

काही चांगलंही घडलं आहे, ते सांगायला हवं. २०२१ पासून घोड्याच्या मिशा कापायला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बंदी आहे, कारण त्यांनीच तो नाकापुढचं चाचपतो. नाकपट्टी किती आवळली हे मोजायचं साधन २०२५ पासून आलं. अशा गोष्टी ज्या लोकांनी केल्या त्यांनीच रक्तावर माघार घ्यावी याचं म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

आपल्या देशाच्या कायद्याकडे बघावं तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. माझ्याकडच्या खिळ्यांचं एक पाकीट त्याहून महाग आहे. म्हणजे मैदानात घोड्याला आधार आहे तो फक्त पंचाच्या घंटेचा. म्हणून माझी भारतीय अश्वारोहण महासंघाला आणि आपल्या राज्यात स्पर्धा भरवणाऱ्या सर्व क्लबांना विनंती आहे. बाहेर काहीही ठरो, आपल्या मुलांच्या स्पर्धांत कुशीवर रक्त दिसलं की फेरी तिथंच थांबवा. एका घोड्यावर एका दिवसात किती मुलांनी बसायचं याची मर्यादा घाला आणि ती फलकावर लावा. आणि प्रत्येक मुलानं फेरीआधी आणि फेरीनंतर चारही नळ्यांवरून स्वतःचा हात फिरवून दाखवल्याशिवाय त्याचा निकाल धरू नका. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत. कुणाला शिकवायचं असेल तर मी रविवारी सकाळी तबेल्यातच असतो.

एक गोष्ट लिहायची राहिली, आणि ती लिहिल्याशिवाय मला वरचं काही लिहायचा हक्क नाही. त्या रविवारच्या आदल्या दिवशी बंडूला नाला मीच ठोकल्या होत्या. पुढचा डावा पाय मांडीवर घेतला तेव्हा त्यानं तो दोनदा ओढून घेतला. बंडू पाय कधी ओढत नसे. मला कळलं होतं. पण तिन्ही मुलांची फी भरलेली होती, गाडी ठरलेली होती, आणि मी बोललो असतो तर पुढचं काम दुसऱ्या नालबंदाकडे गेलं असतं. मी गप्प बसून सात खिळे पुरे केले. आता कुठलाही घोडा पाय ओढतो तेव्हा मी हातोडी खाली ठेवतो आणि स्वाराला, मूल असलं तरी, बोलावून तिथं हात लावायला सांगतो. दोन तबेल्यांनी यावरून माझं काम बंद केलं.

बंडू अजून आहे. लहान मुलं त्याच्यावर बसून चालीत फेरी मारतात, उडी नाही. डाव्या नळीवर सुपारीएवढी गाठ राहिली आहे. तिथं हात गेला की तो अजून पाय उचलून घेतो, आणि मी थांबतो.

आपला,
एक निवृत्त दफेदार (नालबंद), पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)