निवतीच्या पाकोळ्यांचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा राज्य शासनाचा प्रकल्प आहे. त्यावरच्या चर्चेत रोजगार येतो, पाणबुडी येते, स्कूबा येते. तिथल्या पाकोळ्या या पक्ष्यांचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात आला नाही, म्हणून हे पत्र.

याच परिसरातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरचे दीपगृह सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या गुहेच्या काळोखात भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. हा चिमुकला पक्षी टिकटिक आवाज काढतो, त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट शोधतो आणि स्वतःच्या लाळेने कातळाला घरटे चिकटवतो. परदेशात या घरट्यांचे सूप चढ्या भावाने विकले जाते आणि तेच त्याच्या मुळावर आले. घरटे खरवडले की अंडी-पिल्ले जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते २००१च्या सुमारास तिथे पोहोचले, तेव्हा घरटी काढण्यासाठी गुहेत बांबूच्या परांच्या बांधलेल्या होत्या. त्या चोरीविरुद्ध ही मंडळी उभी राहिली, याबद्दल आम्ही सिंधुदुर्गकरांनी त्यांचे ऋणी असायला हवे.

पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी तर १९४२ सालीच इथल्या पाकोळ्या आणि सुरय पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिले होते. म्हणजे माहिती नव्हती, असे कुणाला म्हणता येणार नाही.

पाकोळ्यांची वीण उन्हाळ्यात होते, म्हणजे नेमकी मे महिन्याच्या सुट्टीच्या गर्दीत. तेवढ्या काळात तरी गुहेच्या तोंडाशी होड्या नेण्यास आणि बेटांवर उतरण्यास पूर्ण बंदी असावी. मला जास्त धास्ती उंदरांची वाटते. होडीतून एखादी गाभण उंदरीण जरी बेटावर उतरली, तरी जमिनीवर घातलेली सुरयांची अंडी वाचणे कठीण. जगातल्या कितीतरी बेटांवर हेच घडले आहे. तिथे खरकटे टाकू देऊ नये. पर्यटन सुरू होण्याआधी पक्ष्यांची मोजदाद व्हावी, म्हणजे पुढे घट झाली तर कळेल.

राखणीचे काम निवती-वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांकडे मानधनासह द्यावे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७मध्ये जाहीर झाले, पण मच्छीमारांना विश्वासात न घेतल्याने त्याला विरोधच होत राहिला. इथे निदान आराखडा ठरण्याआधी त्यांची बैठक बोलवावी आणि वन विभागाने तिला हजर राहावे.

– एक वाचक, वेंगुर्ला